अठ्ठावीसचं माप

१

कोहमाऱ्याच्या चौकातून आत चार किलोमीटरवर जे गाव आहे, तिथे ओमेश्वरीच्या हातचं ब्लाऊज घातलं नाही अशी बाई शोधूनही सापडायची नाही. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी तिची मशीन, मशीनच्या वर भिंतीवर तिच्याच लग्नाचा मोठा फोटो, मधोमध कापायचं टेबल, कोपऱ्यात कपडे बदलायला पडदा, आणि दाराजवळ एक सागाचं बाकडं. बाकडं कधीच्या काळचं शाळेतलं. कोणी टेकलं की ते करकरायचं. हलकी बाई बसली तर थोडं, भारी बसली तर लांबलचक. मशीनवर मान खाली घालून बसलेल्या ओमेश्वरीला नुसत्या आवाजावरून कळायचं, कोण आलं ते.

इकडे टेपनं माप द्यायची रीत नाही. बाई येते, पिशवीतून एक जुनं ब्लाऊज काढते, टेबलावर टाकते आणि म्हणते, "याच्या बरोबरीनं शिवजो. माह्या आंगात काई फरक नाई पडला." ते ब्लाऊज असतं दोन बाळंतपणांच्या आधीचं. ओमेश्वरी मान हलवायची, ते बाजूला ठेवायची, आणि बाईकडे एकदा नीट बघून नजरेनंच माप घ्यायची. शिवाय शिवणीत आत दोन बोटं माया सोडायची, म्हणजे पुढे अंग भरलं तर उसवून मोठं करता यावं. बाई घालून बघायची, आरशापुढे वळायची आणि म्हणायची, "पाय, बसलं न बरोबर?" झाकली मूठ सव्वा लाखाची. हे खोटं दोघींनी मिळून वीस वर्षं निभावलं, आणि त्यानं कोणाच्या बापाचं काही गेलं नाही असं ओमेश्वरी समजून होती.

खोटं फक्त आकड्याचं. तोंडानं बाया जे बोलायच्या त्याला काही धरबंद नसायचा. पडद्याआड पदर काढला की सुरू. "माही पाठ पाय वो, हेल्याची पाठ झाली." "दंड झाकून टाकजो बाप्पा, मुसळावानी दिसतेत." गोंदियाला पार्लरचा कोर्स करून आलेली नीतू तर अर्धी हिंदीत रडायची, "भाभी, मेरा तो आगे कुछ है ही नहीं. कटोरीत कापूस भरून देजो." आणि सत्तरीची धुरपताबाई म्हणायची, "माहं काय पाह्यचं आता? वाळलेलं दोडकं. शीव कसंही." म्हणायची असं, पण आरशापुढे तीच सगळ्यांत जास्त वेळ उभी असायची.

ओमेश्वरी ऐकायची. ऐकून तिला काही व्हायचं नाही, वाईट नाही आणि हसूही नाही. मागच्या पावसाळ्यात मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली, तेव्हा कापडावर लाल दिसलं म्हणून तिला कळलं. ती स्वतः बारा महिने ढगळ गाऊन घालायची. नवरा लोकेंद्र म्हणाला की एखादं ब्लाऊज स्वतःसाठी शीव, तर ती म्हणायची, "मले काय कराचं हाय?" आणि ते तिला मनापासून वाटायचं.

२

यंदा चैत्रातच लग्नांचे मुहूर्त दाट आले. टेबलावर चौदा जणींची मापाची ब्लाऊजं साचली. ओमेश्वरी दुपारी ती नीट घडी करून एकावर एक ठेवत होती. सुमित्राबाईचं हिरवं ब्लाऊज तिनं नीतूच्या गुलाबीवर ठेवलं आणि तिचा हात थांबला. कडा जुळल्या होत्या. बाही बाहीवर, गळा गळ्यावर, कंबरेची पट्टी पट्टीवर, कुठे सुतभर बाहेर नाही.

आता सुमित्राबाई म्हणजे हायवेच्या ढाब्यावर रोज दोन-दोनशे पोळ्या लाटणारी बाई. ओमेश्वरीच्या नजरेत तिची छाती बेचाळीस आणि नीतूची तीस. ओमेश्वरीनं धुरपताबाईचं ब्लाऊज वर ठेवलं. तेही जुळलं. मग तिनं एकेक करत चौदाही ठेवली. टेप लावला तर छाती अठ्ठावीस, कंबर चोवीस, दंडघेर साडेआठ. चौदाही वेळा तेच.

धुऊन आटली असतील, तिनं स्वतःला समजावलं. पण सुमित्राबाईचं टेरिकॉटचं होतं, आणि टेरिकॉट कोणी कितीही उकळलं तरी आटत नाही. एकाच दुकानातली रेडिमेड असतील म्हणावं, तर धुरपताबाईचं हातशिलाईचं, टाके तिरपे गेलेले. चेष्टा म्हणावी, तर चौदा बाया मिळून चेष्टा करत नसतात, भांडण करतात.

तिनं एक ब्लाऊज उलटं केलं. डाव्या काखेखाली आतून चार टाके उसवलेले होते आणि कोणीतरी ते घाईनं पुन्हा घातले होते, काळ्या दोऱ्यानं. ब्लाऊज गुलाबी, दोरा काळा. तिनं हिरवं उलटं केलं. तिथेही काळा दोरा. तिसरं तिनं उलटं केलं नाही. सगळी ब्लाऊजं ज्याच्या त्याच्या पिशवीत भरली, पंखा पाचवर केला आणि कटोरी कापायला बसली.

३

सुमित्राबाईचं नवं ब्लाऊज तिनं नेहमीसारखं नजरेनं शिवलं, बेचाळीसचं. शनिवारी सुमित्राबाई घालून बघायला आली. पडद्याआड गेली आणि बराच वेळ काही बोलली नाही. एरवी तिचं तोंड पडद्याआधी सुरू व्हायचं.

"ओमे, ढिल्लं होऊन राहिलं वो."

ओमेश्वरी आत गेली. ब्लाऊज खुंटीला टांगल्यासारखं लोंबत होतं. खांद्यावरून घसरत होतं, काखेत मूठभर चुण्या पडल्या होत्या. आणि सुमित्राबाई होती तेवढीच होती. तेच रुंद खांदे, तोच गळ्याखालचा घामाचा पट्टा, कंबरेवरच्या त्याच दोन वळ्या. डोळ्यांना सगळं दिसत होतं आणि कापड मात्र रिकामं होतं.

"माप घेऊ का टेपनं?" ओमेश्वरीनं विचारलं. वीस वर्षांत हा प्रश्न तिनं कोणाला विचारला नव्हता.

"घे न," सुमित्राबाई म्हणाली.

ओमेश्वरीनं टेप मागून फिरवला. जिथे पाठीचं मांस दिसत होतं तिथे बोटं टेकली नाहीत, पुढे गेली. भरलेलं समजून पोत्यात हात घालावा आणि एकदम तळ लागावा, तसं झालं. हाताला शेवटी काहीतरी लागलं, अरुंद आणि कोमट. टेपचं टोक पुढे येऊन जिथे मिळालं तिथे तिनं आकडा वाचला. मग टेप काढून पुन्हा लावला आणि पुन्हा वाचला.

"तब्येत बरी हाय न, सुमित्राबाई?"

"बरी हाय. पयले कसं, उठता-बसता मले माहं आंगच दिसे. पोळी लाटताना दंड हाले त लाज वाटे. आता काईच वाटत नाई." ती पडद्याच्या फटीतून मशीनच्या वरच्या फोटोकडे बघत बोलत होती. "तुही कंबर किती बारीक होती वो लग्नात."

ती बाकड्यावर बसून चप्पल घालायला लागली. ओमेश्वरी टेप गुंडाळत होती. सुमित्राबाई गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की बाकडं करकरलं नाही. पंखा पाचवर आहे, त्याच्या आवाजात ऐकू आलं नसेल, असं तिनं ठरवलं. मग तिनं बेचाळीसचं ब्लाऊज उसवून अठ्ठावीसचं केलं. गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं, आपल्याला काय त्याचं.

४

फोटोची गोष्ट सांगायला हवी, कारण ओमेश्वरीनं ती कधी कोणाला सांगितली नाही.

ओमेश्वरी एकोणीसची होती तेव्हा लोकेंद्रकडची माणसं बघायला आली. पोहे खाताखाता लोकेंद्रची आत्या म्हणाली, "पोरगी आंगानं भरून हाय." एवढंच म्हणाली. वाईटही म्हणाली नसेल बिचारी. पण ते वाक्य ओमेश्वरीच्या कानात शिरलं ते निघालंच नाही. लग्न ठरलं. लग्नाचं ब्लाऊज नवऱ्याकडचे शिवतात, म्हणून त्यांचा निरोप आला, मापाचं ब्लाऊज पाठवा. ओमेश्वरीची छाती तेव्हा तेहतीस. तिनं काय करावं? तिनं स्वतःचं ब्लाऊज ठेवून दिलं आणि धाकट्या बहिणीचं पाठवलं. बहीण चौदा वर्षांची होती.

बस्त्यातून लाल ब्लाऊज आलं, अठ्ठावीसचं. मग तीन आठवडे ओमेश्वरी पेजेवर राहिली. आईला सांगितलं, भूक नाही. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, केस गळायचे, पण हळूहळू हुक लागायला लागले. लग्नाच्या सकाळी डाव्या काखेखालचे चार टाके सुटले. लाल दोरा हाताशी नव्हता, म्हणून तिनं काळा घातला आणि दिवसभर कोपर अंगाशी दाबून उभी राहिली. श्वास पुरत नव्हता. मांडवात अक्षता पडत असताना तिला एक युक्ती सापडली. अंगाला होतंय ते होऊ द्यायचं, आपण जरा बाजूला सरकून उभं राहायचं. ती सरकली. लगेच काही दुखेनासं झालं. त्याच वेळी फोटोवाल्यानं फोटो काढला, आणि सगळे म्हणाले, काय सुंदर दिसते पोरगी.

युक्ती सोपी होती. परत कसं यायचं ते मात्र तिला कधी जमलं नाही, आणि पुढे तिनं खटपटही सोडली. लाल ब्लाऊज लोखंडी पेटीत तळाशी ठेवलं आणि फोटो भिंतीवर लावला. पुढे मशीन घेतली तेव्हा ती फोटोखालीच बसवली. वीस वर्षं गावातल्या बाया ब्लाऊज घालून बघताना तो फोटो बघत आल्या.

५

आणि त्या फोटोखाली उर्वशी मोठी झाली.

उर्वशी ही ओमेश्वरीची एकुलती एक लेक, आता एकवीसची. भरल्या दंडांची, गोल चेहऱ्याची, हसली की डोळे मिटणारी. अकरा वर्षांची असताना तिनं एकदा मशीनजवळ येऊन विचारलं होतं, "मम्मी, मी जाडी हाय का वो?" ओमेश्वरीच्या दातांत दोरा होता. ती म्हणाली, "नाई. पण भात कमी घेत जा." तेव्हापासून उर्वशीनं तो प्रश्न परत विचारला नाही. आईला वाटलं, विसरली.

यंदा वैशाखात तिचं लग्न होतं, गोंदियाच्या टेकचंदशी. मुलगा राइस मिलमध्ये मशीन ऑपरेटर, सरळ माणूस. चैत्र संपता संपता विहीणबाईंचा फोन आला. गोड बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "आणि ताई, पोरीचं मापाचं ब्लाऊज पाठवून द्या, इथे शिवून घेतो."

ओमेश्वरी फोन ठेवून स्वयंपाकघरात आली. उर्वशी जेवत होती. म्हणजे ताटात भात होता आणि ती तो बोटांनी काठाकडे सारत होती. वरणाला हात लागलेला नव्हता. ती कानाशी धरलेल्या फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "चेहरा ठीक है यार, हात देख ना मेरे. फोटोत तर सगळं येते." आईला बघून तिनं ताट आडोशाला सरकवलं.

ओमेश्वरीच्या पोटात गोळा आला. वीस-बावीस वर्षांत तिला आपल्याला पोट आहे हे पहिल्यांदा कळलं असेल. तिला भीती वाटली, साधी, सरळ, पोरीबद्दलची भीती. आणि तिनं ठरवलं की बाकी बायांचं त्या बघून घेतील, पण या पोरीचं खरं माप गोंदियाला जाईल.

"ये, टेपनं माप घेतो तुहं," ती म्हणाली.

"नको न मम्मी. नजरेनं घे."

"एक मिनिट लागते."

"म्हटलं न नको." उर्वशी उठून गेली. ताटातला भात कुत्र्याला घातल्याचा आवाज मागच्या दारातून आला.

मग ओमेश्वरीनं नजरेनं घेतलं. छाती चौतीस, दंडघेर बारा. पांढऱ्या सुती कापडाचं मापाचं ब्लाऊज तिनं एका दुपारी शिवून काढलं आणि आत दोन नाही, तीन बोटं माया सोडली. शिवताना तिचे हात थरथरत होते. ते तिला जाणवत होतं, आणि बरं वाटत होतं.

६

त्या आठवड्यात एकेक बाई ब्लाऊज घ्यायला आली. ओमेश्वरीनं सगळी मापाप्रमाणे शिवली होती, म्हणजे अठ्ठावीसची. प्रत्येकीनं घालून बघितलं आणि प्रत्येकीला बसलं. हुक ओढावे लागले नाहीत.

खोलीत आवाज नव्हता. एरवी लग्नसराईत या खोलीत कलकलाट असायचा, ही हिला म्हणायची तुझी पाठ, ती तिला म्हणायची तुझं पोट. आता पडद्याआड जायच्या, बाहेर यायच्या, आरशात एकदा बघायच्या आणि पदर घ्यायच्या. धुरपताबाईला ओमेश्वरीनं मुद्दाम डिवचलं. "का वो आजी, दोडकं कसं दिसते आज?"

"दिसते बरं," धुरपताबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि गंमतही नव्हती. आरशापुढे ती थांबलीसुद्धा नाही.

ओमेश्वरीनं पंखा बंद केला. ऊन पत्र्यावर तापत होतं, दूर कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी धान उभं होतं तिथून पाखरं हाकल्याचा आवाज येत होता. "बसा न सगळ्याजणी," ती म्हणाली. सुमित्राबाई बसली, तिच्या शेजारी धुरपताबाई, कडेला नीतू. तिघी बाकड्यावर. बाकडं मुकं होतं.

लाकूड उन्हानं आखडलं असेल. खिळे गंजून धरले असतील. ओमेश्वरीनं कारणं शोधली, तशी कारणं माणसाला सापडतातच. मग तिनं पाण्याची कळशी आणायच्या निमित्तानं नीतूला उठवलं आणि भरलेली कळशी बाकड्याच्या कडेला टेकवली. बाकडं करकरलं.

तिघींनी तिच्याकडे बघितलं. मग तिघींनी मिळून वर फोटोकडे बघितलं.

"भाभी," नीतू हळूच म्हणाली, "आपको भी तब दर्द नहीं होता था ना?"

७

मंगळवारी लोकेंद्र दुकानाचा माल आणायला गोंदियाला निघाला. कोहमाऱ्याला त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, दर मंगळवारी त्याची फेरी असते. ओमेश्वरीनं पांढरं ब्लाऊज कागदात गुंडाळून बांधलं आणि वर "उर्वशीचं माप" असं लिहिलं. तिचे हात कणकेत होते, म्हणून पुडा उर्वशीनं बापाच्या हातात दिला.

दहा दिवसांनी विहीणबाईंकडून डबा आला. साडी, ओढणी, आणि टिश्यू पेपरात लाल ब्लाऊज, जरीचं. ओमेश्वरीनं ते नुसतं हातात घेतलं आणि तिला कळलं. टेप लावायची गरज नव्हती. तरी तिनं लावला.

"पुड्यात काय होतं?" तिनं लोकेंद्रला विचारलं.

"पोरीनं दिलं ते नेलं," तो म्हणाला. "मी कायले उघडून पाहू? बायाचे कपडे."

ओमेश्वरी आतल्या खोलीत गेली आणि लोखंडी पेटी उघडली. वरची गोधडी तिनं काढली, शालू काढला, नवऱ्याचा लग्नातला कोट काढला. तळाशी तिचं लाल ब्लाऊज नव्हतं. त्या जागी पांढरं सुती ब्लाऊज घडी करून ठेवलं होतं, तीन बोटं माया असलेलं.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तिनं यातलं काहीच मनात आणलं नव्हतं. ज्या गोष्टीची लाज वाटून तिनं ती कोणाला सांगितली नाही, तीच गोष्ट लेकीनं न सांगता शिकून घेतली होती.

८

दुपारी लोकेंद्र दुकानात गेल्यावर उर्वशी पडद्याआडून बाहेर आली. लाल ब्लाऊज घातलेलं, ओढणी नाही. हुक सगळे लागलेले.

"पाय मम्मी. बसलं."

ओमेश्वरी मशीनवरून उठली. समोर तिची लेक उभी होती, जशीच्या तशी. गोल चेहरा, भरले दंड, गळ्याशी लहानपणी भाजल्याचा डाग. ब्लाऊज त्या अंगावर कुठे ताणलं नव्हतं, आणि कुठे ढिलंही नव्हतं.

"हे माह्या लग्नातलं माप हाय," ओमेश्वरी म्हणाली. "माहं नव्हतं ते. तुह्या मावशीचं होतं. मी खोटं पाठवलं होतं. तीन आठवडे जेवली नाई मी, मंग त्याच्यात मावली. तुले सांगाले पायजे होतं."

"माहीत हाय मले. मावशीनं सांगतलं, मी दहावीत होती तेव्हा." उर्वशी शांतपणे म्हणाली. "म्हणून त तेच पाठवलं. तुले बसलं होतं न? मंग मले काऊन नाई बसन?"

ओमेश्वरीनं टेप घेतला नाही. ती पुढे गेली आणि लेकीला मिठी मारली. लहानपणी मारायची तशी, दोन्ही हातांनी.

हात गेले. उर्वशीची पाठ जिथे असायला हवी तिथून पुढे गेले. ओमेश्वरीचे पंजे एकमेकांना भेटले, एकमेकांवरून सरकले, तिच्याच कोपरांवर आले, आणि तिथेही थांबले नाहीत. शेवटी तिची बोटं तिच्या स्वतःच्या खांद्यांवर टेकली. मधे काहीतरी होतं, कोमट, कळशीच्या गळ्याएवढं. आणि खांद्यावर उर्वशीची हनुवटी होती, ती डोळ्याच्या कडेला दिसत होती, पण तिचा भार लागत नव्हता.

"दुखते का?" ओमेश्वरीनं तिच्या कानात विचारलं.

"नाई वो. पयले दुखे. आता काईच नाई वाटत." उर्वशी हसली, डोळे मिटून. "मस्त वाटते, मम्मी. तू कधी सांगतलं नाई, इतकं मस्त वाटते म्हणून."

ओमेश्वरीनं हात सोडवले आणि कात्री घेतली. तिनं ब्लाऊजची बाजूची शिवण आतून उलटी करून बघितली. उसवायचं आणि सोडायचं, जेवढं सुटेल तेवढं सोडायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पण शिवण अगदी काठावर होती. गोंदियाच्या शिंप्यानं माप पाळलं होतं आणि आत सुतभरही कापड ठेवलं नव्हतं. काखेखाली चार टाके तिला दिसले, लाल कापडावर काळे. नवंकोरं ब्लाऊज होतं, एकदाही न धुतलेलं.

"राहू दे न," उर्वशी म्हणाली आणि बाकड्यावर जाऊन बसली. तिनं मोबाइल काढला, वर धरला, मान तिरपी केली. फोटोतल्या नवरीनं जशी केली होती तशी.

बाकडं वाजलं नाही.

ओमेश्वरीनं कात्री मशीनवर ठेवली. ती लेकीच्या शेजारी जाऊन बसली. निदान आपल्या वजनानं तरी वाजेल म्हणून तिनं कान दिला. खोलीत पंखा बंद होता. बाहेर कोणीतरी सायकलवरून गेलं, त्याच्या साखळीचा आवाज आला आणि गेला. बाकड्याचा आला नाही. ती रोज मशीनच्या स्टुलावरच बसायची. या बाकड्यावर बसणाऱ्या गावातल्या झाडून सगळ्या बायांचा आवाज तिला पाठ होता. आपला कसा येतो, ते तिला आठवेना. कधी आला होता का, तेही आठवेना.

ती उठली, आणि पुन्हा बसली, जरा जोरानं.